कपॅसिटरला ऐकू येतंय ते नेमकं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून घेतो, चुकलं तर सांगा.

तुम्ही वाशीम जिल्ह्यातले, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. जुन्या अमेरिकी छंदी मासिकातल्या आकृतीवरून सर्किट जोडलं: ७४१ ऑप-अँप (बारीक सिग्नल मोठा करणारी चिप), त्याच्या इनपुटला १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, फीडबॅकला १ मेगाओहम, आउटपुट आर्डुइनोत, म्हणजे व्होल्टेज मोजून नोंद ठेवणाऱ्या छोट्या बोर्डात. नोव्हेंबरात रात्री १२ ते पहाटे ४ या वेळात नोंदीची रेघ फुगायला लागली. तीत दर सेकंदाला एक बारीक टिचकी, आणि मधूनमधून मोठ्या उसळ्या, रोज साठेक. पुढच्या आठवड्यात हा सगळा खेळ रात्रीतून दुपारी सरकला. बारा किलोमीटरवरच्या मित्राने तसंच सर्किट जोडलं. त्याच्याकडेही साठेक उसळ्या, आणि त्यांतल्या तीसेक तुमच्या उसळ्यांशी मिनिटाच्या आत जुळतात. तुमचं म्हणणं, स्थानिक गोंगाट असता तर दोन गावांत एकाच वेळी कसा दिसला असता? या गुरुत्वीय लहरी, म्हणजे आइनस्टाइनने सांगितलेले अवकाशकाळातले तरंग, आहेत का, आणि नसतील तर दुसरा कोणता सेन्सर घ्यावा?

नाहीत. हे स्पष्ट सांगतो, कारण गोलमोल बोलून तुमचं आणखी एक वर्ष जाईल. पण "नाहीत" एवढ्यावर तुम्ही गप्प बसू नये अशीच माझी इच्छा आहे. मी तुमचं घर, वायरिंग, आजूबाजूची वावरं पाहिलेली नाहीत, त्यामुळे खाली जी कारणं लिहितोय त्यांतलं कोणतं किती खरं हे तुम्हालाच तपासावं लागेल. मी पुसदजवळच्या गावात राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आणि गेली बरीच वर्षं घरामागच्या कोरड्या विहिरीत हाताने केलेला भूकंपमापक चालवतो. अशा यंत्रांनी मला किती वेळा फसवलं याचा हिशोब माझ्याकडे आहे, त्या जोरावर बोलतोय.

सगळ्यात आधी तो दुपारी सरकलेला खेळ. तुम्ही लिहिता की आकाशातला उगम सरकत असावा. आकाशातली वस्तू सरकते, पण ठरलेल्या चालीने. तारे रोज साधारण ३ मिनिटं ५६ सेकंद आधी उगवतात, म्हणजे आठवड्यात अर्धा तास, महिन्यात दोन तास. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. सूर्य आपल्या जागी. आठवड्यात एकदम बारा तासांची उडी मारणारी एकच गोष्ट मला माहीत आहे, आणि ती तुमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे: कृषी फीडरचं थ्री फेजचं वेळापत्रक. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला बाबा किंवा काका ज्या आठवड्यात मध्यरात्री टॉर्च घेऊन वावरात जातात, त्याच आठवड्यात तुमचं सर्किट मध्यरात्री जागं होतं की नाही ते पाहा. माझी पैज "होतं" वर.

तुम्ही म्हणाल, माझं घर गावठाण फीडरवर आहे, मोटारी दुसऱ्या फीडरवर. पण दोन्ही फीडर निघतात एकाच उपकेंद्रातून. थ्री फेज आली की शिवारातले सगळे ऑटो स्विच एकदम मोटारी उचलतात आणि व्होल्टेज बसतं. तुमचा आर्डुइनो मोबाइलच्या चार्जरवर चालतोय असं फोटोत दिसतं. आर्डुइनो मोजमापासाठी जो संदर्भ धरतो तो वेगळं काही सांगितलं नसेल तर त्याचा स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठाच असतो. स्वस्त चार्जरचे ते ५ व्होल्ट हलले की मोजपट्टीच आखडते किंवा ताणते, आणि आपण समजतो कापड लांब झालं. त्यातून ही मोजपट्टी तशी जाडीभरडीच, १०२४ घरांची, एक घर जवळपास ४.९ मिलिव्होल्टचं.

ती दर सेकंदाची टिचकी वाचून मला हसू आलं. राग मानू नका, ते स्वतःवरचं हसू होतं. तुमच्या किंवा शेजारच्या धुऱ्यावर रोही आणि रानडुकरांसाठी झटका मशीन लावलं असणार. ते साधारण सेकंदाला एक या हिशोबाने काही हजार व्होल्टचा झटका तारेत सोडतं, आणि एकरभर पसरलेली ती तार म्हणजे चांगला मोठा अँटेनाच. मशीन सोलरवर असलं तरी फरक पडत नाही, हा त्रास वायरीतून नाही, हवेतून येतो. टिचक्यांमधलं अंतर स्टॉपवॉचने मोजा आणि मशीनच्या डब्यातल्या "टक्-टक्"शी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता कपॅसिटरकडे. या सर्किटमागची कल्पना अशी होती की गुरुत्वाच्या लहरी कपॅसिटरमधला विद्युतभार हलवतात आणि ऑप-अँप तो प्रवाह मोठा करून दाखवतो. १९८० च्या दशकात ही कल्पना छंदी लोकांत बरीच फिरली, मीही त्या काळात हे सर्किट जोडलं होतं. पण सर्किटाकडे नीट पाहा. १०० मायक्रोफॅरडचा अडथळा १ हर्ट्झला साधारण १६०० ओहम. फीडबॅक १० लाख ओहम. म्हणजे ऑप-अँपच्या स्वतःच्या इनपुटवर जो बारीक खरखराट असतो तो हे सर्किट १ हर्ट्झला सहाशे पटींहून जास्त मोठा करून दाखवतं. वारंवारता वाढली की पट आणखी वाढते. ७४१ ही पन्नासेक वर्षांपूर्वीची चिप, कमी वारंवारतेला तिचा खरखराट वाढतच जातो, आणि तिच्यात अधूनमधून लाह्या फुटल्यासारख्या उड्याही येतात. तुम्ही जो आवाज ऐकताय तो कपॅसिटरचा कमी आणि ऑप-अँपचा जास्त आहे.

मग कपॅसिटरने खऱ्या लहरीला किती प्रतिसाद दिला असता? १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिली लहर पकडली. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाले होते, पोळा नुकताच होऊन गेलेला आणि गणपती तीन दिवसांवर. सूर्याच्या अंदाजे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, त्यातलं सुमारे तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेलं, आणि तरीही इथे पोहोचेपर्यंत लांबीत पडलेला फरक एकास १० चा उणे २१ वा घात एवढाच उरला. लायगोच्या ४ किलोमीटरच्या भुजेत तो फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशाव्या भागाएवढा. तुमचा कपॅसिटर दोन सेंटिमीटरचा. त्याच्यावर १ व्होल्ट ठेवून त्याच प्रमाणात बदल झाला असं उदार मनाने धरलं, तरी मिळतील १० चा उणे २१ वा घात एवढे व्होल्ट. ऑप-अँपचा खरखराट आहे व्होल्टच्या दहा कोटीव्या भागाच्या काही पट. मध्ये फरक एकावर तेरा शून्यांचा. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची क्षमता एका अंशाच्या तापमानबदलाने हजारात एखाद-दोन भाग सहज हलते. टिनाच्या छपराखाली नोव्हेंबरची रात्र उतरत असताना किती अंश पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

इथे एक शंका मी स्वतःच काढतो. "ज्ञात लहरींसाठी हे खरं, पण एखादी अज्ञात, वेगळ्याच जातीची लहर असेल तर?" शास्त्रज्ञही लायगोपलीकडचे सेन्सर वापरून पाहतात, हे खरं. ऑस्ट्रेलियात अतिशीत क्वार्ट्झच्या चकतीवर फार उच्च वारंवारतेच्या लहरी शोधायचा प्रयोग झाला. १५३ दिवसांत दोनदा काहीतरी वाजलं, २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पण "लहर सापडली" असा दावा केला नाही, कारण दुसरीही कारणं शिल्लक होती. वेगळा सेन्सर वापरायला कोणाचीच ना नाही. हरकत आहे ती उरलेली कारणं न खोडता नाव देण्याला.

आता तुमच्या सगळ्यात भक्कम वाटणाऱ्या मुद्द्यावर येतो, दोन गावांत एकाच वेळी. इथे जरा थांबतो, कारण या एका मुद्द्यावर भले भले घसरले आहेत.

तुमच्या उसळ्या साठ, मित्राच्या साठ, दोन्ही बहुतेक चार तासांत. चार तास म्हणजे २४० मिनिटं, म्हणजे मित्राकडे सरासरी चार मिनिटांना एक उसळी. तुमच्या प्रत्येक उसळीच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन मिनिटांच्या खिडकीत त्याची उसळी पडण्याचा हिशोब आला अर्धा. साठ गुणिले अर्धा, तीस. म्हणजे तुमच्या दोन सर्किटांचा एकमेकांशी, आकाशाशी, कशाशीही काडीचा संबंध नसता तरी रोज तीसेक जोड्या जुळल्याच असत्या. तुम्हाला मिळाल्या तीसेक! खिडकी दोन मिनिटांऐवजी चार सेकंदांची केली तर फुकटच्या जोड्या उरतील रोज एक. तेव्हा प्रश्न "जुळतात का" हा नाही, फुकट जुळायच्या त्याहून किती जास्त जुळतात हा आहे.

हे मोजायची सोपी युक्ती आहे. मित्राची नोंद मुद्दाम पाच मिनिटं पुढे सरकवा आणि पुन्हा जोड्या मोजा. मग सात मिनिटं, अकरा, तेवीस, असं पन्नास वेळा. सरकवलेल्या नोंदीत खरी जोडी असूच शकत नाही, म्हणून जो आकडा येईल तो फुकटचा. न सरकवलेला आकडा त्या पन्नासांच्या गर्दीतून स्पष्ट वर उठत असेल तरच पुढे बोलायचं. लायगोवाले आजही मुळात हेच करतात, आणि ही युक्ती त्यांच्या आधी जोसेफ वेबर यांनी वापरली होती.

वेबर यांची गोष्ट तुम्ही वाचाच. मेरीलँड विद्यापीठातला हा माणूस अव्वल दर्जाचा इंजिनिअर. टनाहून जड, दीडेक मीटर लांबीचे अ‍ॅल्युमिनियमचे दंडगोल तारेवर टांगले, मधोमध पिझो स्फटिक (ताण पडला की वीज देणारे) चिकटवले. १६६० हर्ट्झला घंटेसारखे वाजतील असे. एक मेरीलँडला, दुसरा हजारेक किलोमीटरवर शिकागोजवळ. १९६९ साली त्यांनी जाहीर केलं की दोन्ही एकदम वाजतात. जगभर खळबळ उडाली, ठिकठिकाणी तसले दंडगोल टांगले गेले, आणि कोणालाच काही ऐकू आलं नाही. पुढे वेबर यांनी दुसऱ्या एका गटाच्या नोंदींशीही आपल्या जोड्या जुळल्याचं सांगितलं. मग लक्षात आलं की एकाची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर होती आणि दुसऱ्याची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या उन्हाळी वेळेवर. चार तासांचा फरक! ज्या जोड्या "एकाच वेळी" म्हणून मोजल्या त्या प्रत्यक्षात चार तासांनी वेगळ्या होत्या. विश्लेषणाच्या संगणकप्रणालीतही चूक निघाली. आयबीएमचे रिचर्ड गार्विन यांनी यावरून त्यांना जाहीरपणे फैलावर घेतलं. वेबर २००० साली गेले, शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम होते. मला त्यांच्याबद्दल राग नाही, उलट आदर आहे. या क्षेत्रात दुकान मांडलं ते त्यांनीच. पण एवढ्या माणसाचं घड्याळ चुकू शकतं तर आर्डुइनोचं काय घेऊन बसलात. त्याच्या घड्याळाला ठोका देणारा रेझोनेटर दिवसाला मिनिटभर इकडेतिकडे सहज होतो. दोन्हीकडे स्वस्तातलं जीपीएस मॉड्यूल लावा, त्याचा सेकंदाचा ठोका दोन्ही नोंदींत घ्या, मगच "एकाच वेळी" हा शब्द वापरा. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या कशालाही तुमचं बारा किलोमीटर अंतर कापायला ४० मायक्रोसेकंद पुरतात. २०१५ ची लहर तीन हजार किलोमीटरवरच्या दोन वेधशाळांत अवघ्या ७ मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचली होती, हे लक्षात घ्या.

आणि घड्याळं जुळली, फुकटच्या जोड्या वजा गेल्या, तरीही दोन्हीकडे खरोखर एकदम काही दिसलं तर? तर दोघांचं समान कारण शोधा. एकच उपकेंद्र. एकच वीज, म्हणजे आभाळातली. शंभर-दोनशे किलोमीटरवर कडाडलेली वीजसुद्धा दोन्ही सर्किटांना एकाच मिलिसेकंदात टोचते. लायगोसारख्या वेधशाळांनाही पृथ्वीभरच्या विजांमुळे होणाऱ्या चुंबकीय गुंजनाची धास्ती असते, म्हणून ते शेजारी चुंबकमापक ठेवतात. त्या २०१५ च्या लहरीवर शिक्कामोर्तब करताना त्यांच्याकडे दोन लाखांहून अधिक पूरक नोंदी होत्या: जमिनीची थरथर, आवाज, तापमान, वीजपुरवठा. मुख्य सेन्सर एक आणि त्याच्यावर नजर ठेवणारे लाखो. तुमच्याकडे मुख्य एक आणि नजर ठेवणारे शून्य. दुरुस्ती इथून सुरू करायची.

लायगोच्या हॅनफर्डच्या वेधशाळेत तर डोमकावळ्यांनी घोळ घातला होता. द्रव नायट्रोजनच्या नळीवर जमलेलं बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने टोचायचे आणि ती टकटक नोंदीत उमटायची. नळीवरच्या चोचीच्या खुणा पाहून लोकांना ते कळलं.

माझा डोमकावळा वेगळा होता. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आमच्याकडेही भांडी वाजली. त्यानंतर मी पहिला आडवा लंबक केला, वाड्याच्या फाटकासारखा झुलणारा, पाऊण मीटरची दांडी, टोकाला वजन आणि चुंबक. असा लंबक भूकंपाइतकाच जमिनीच्या कलालाही संवेदनशील असतो. महिनाभरात कागदावर सुंदर लाट दिसायला लागली. सकाळी रेघ एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला, रोज. मी हरखलो. चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वीचं कवचही दिवसातून दोनदा फूट-सव्वा फूट वर-खाली होतं, हे वाचलेलं. वाटलं, हीच ती जमिनीची भरती. कॉलेजात दोघा-तिघांना सांगूनही बसलो. चंद्राची लाट रोज पन्नास मिनिटं मागे सरकायला हवी, माझी सरकत नव्हती, पण तिकडे मी डोळेझाक केली. आवडलेल्या गोष्टीची उलटतपासणी कोण घेतो?

मग पोळा आला. त्या दिवशी सकाळची उडी आलीच नाही. रेघ सरळ. दुपारनंतर उशिरा एकदम उडी, आणि रात्री परत. माझ्या लंबकाच्या भिंतीपलीकडे गोठा होता. दोन बैल आणि एक म्हैस, सगळी मिळून हजारेक किलो, सकाळी बाहेर आणि संध्याकाळी आत. काळ्या मातीवर उभी भिंत त्या वजनाने रोज किंचित कलायची. पोळ्याला बैलांना काम नाही, ते दिवसभर घरीच, सजून तोरणाखाली गेले ते दुपारनंतर. चंद्राची लाट म्हणून मी जिला नावाजत होतो ती आमची सर्जा-राजाची जोडी निघाली.

त्या दिवसापासून यंत्राशेजारी वही ठेवतो. कोण आलं, कूलर कधी लावला, मोटार कधी सुरू झाली, पाऊस, ट्रॅक्टर, लग्नाचा डीजे, सगळं वेळेसह. तुम्हीही आजच वही करा. खरं सांगतो, सेन्सरपेक्षा वही महाग आहे, कारण ती रोज लिहायला लागते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते क्रमाने. पहिली गोष्ट, सर्किट विजेपासून तोडा. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरात असेलच, तिच्यावर चालवा, नोंद मेमरी कार्डावर घ्या, लॅपटॉप नको. सगळं पत्र्याच्या डब्यात, डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडलेला. पातळ पत्रा ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र फारसं अडवत नाही, तेव्हा डीपीपासून आणि मोटारीच्या वायरीपासून लांब जा. शक्य असेल तर एक रात्र डोंगराकडच्या पडीक जागेत ठेवा, जिथे वीजच नाही. फुगवटा गेला तर उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: असंच एक आंधळं सर्किट शेजारी ठेवा. सगळं तेच, फक्त इलेक्ट्रोलिटिकऐवजी इनपुटला साधा १५०० ओहमचा रेझिस्टर. सिद्धांतानुसार त्याला लहर ऐकू येता कामा नये. दोन्ही एकाच वेळी उसळले तर कपॅसिटरचा दावा संपला. सोबत एक तापमानाचा सेन्सर आणि पुरवठ्याच्या व्होल्टेजची नोंद, म्हणजे नजर ठेवणारे तिघे झाले.

तिसरी, स्वतःची परीक्षा घ्या. बहिणीला सांगा, पंधरा दिवसांत कधीही, तुम्हाला न सांगता, पाच वेळा सर्किटाला अमुक एक बारीक धक्का द्यायचा आणि वेळा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी डब्यात बंद करायची. तुम्ही नोंदीतून त्या पाच शोधायच्या. लायगोत २०१० साली असाच खोटा सिग्नल मुद्दाम घुसवला होता. शेकडो लोकांनी महिनोन् महिने विश्लेषण केलं, लेखाचा मसुदाही झाला, आणि मग पाकीट उघडून सांगितलं की हा आम्हीच घातला होता. तुम्हाला पाचांतले किती सापडले यापेक्षा न घातलेले किती "सापडले" हे जास्त शिकवतं.

यातून गेल्यावर उसळ्या उरणार नाहीत असं माझं मत. मग पुढे काय, हा तुमचा दुसरा प्रश्न.

गंमत अशी की "गुरुत्व लहरी" हे नाव मराठीत दोन गोष्टींना चालतं. एक या आइनस्टाइनच्या, अवकाशकाळातल्या. दुसऱ्या वातावरणातल्या: हवेचा थर वर ढकलला गेला की गुरुत्व त्याला खाली ओढतं, तो खाली जाऊन परत वर येतो, आणि तळ्यातल्या लाटेसारखी लाट पसरते. आभाळात एकामागे एक समांतर पट्ट्यांचे ढग दिसतात ते बहुधा तिचेच. पहिल्या तुमच्या घरात सापडणार नाहीत. दुसऱ्या सापडतात, काहीशे रुपयांच्या बीएमपी२८० या दाबमापकाने. तो फरशीवरून टेबलावर ठेवलात तरी ८-९ पास्कलचा फरक दाखवतो. चार दिवस चालवा, रोज सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला दिसेल. ती वातावरणाची सूर्याच्या तालावरची भरती, आपल्या अक्षांशांवर ठळक असते. उन्हाळ्यात वादळाच्या तोंडाशी दाब एकदम उडी घेतो. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळचा समुद्रातला ज्वालामुखी फुटला, आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजले होते. त्याची दाबलाट बारा हजार किलोमीटर चालून रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास विदर्भावरून गेली, आणि असल्या स्वस्त सेन्सरांवरही ती दिसली. माझ्या कागदावर आहे. ती पाहताना मला जे वाटलं ते कुठल्याही कपॅसिटरने कधी वाटलं नाही.

भूकंपमापक करायचा तर फाटक-लंबक करा, पण काळ्या मातीवर नको. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, लंबक कुठल्या कुठे कलंडतो. मुरूम लागेपर्यंत, जमल्यास खडकापर्यंत खणा आणि तिथून सिमेंटचा खांब वर आणा, घराच्या पायाला न टेकवता. कोरडी विहीर असेल तर उत्तमच, पण पायऱ्या नीट असलेली, आणि आत उतरताना वर कोणीतरी असू द्या. झुल्याचा काळ पंधरा-वीस सेकंद जमला की तांब्याच्या पट्टीचं आणि चुंबकाचं दमन द्या, नाहीतर एका धक्क्यावर तासभर झुलत बसेल. तुर्कस्तानचा ६ फेब्रुवारी २०२३ चा ७.८ चा भूकंप आपल्या वेळेने पहाटे ६:४७ चा. पहिली लाट माझ्याकडे आठेक मिनिटांत आली आणि मोठ्या पृष्ठलाटा सातनंतर. हिंगोलीचे २०२४ च्या मार्चमधले आणि जुलैमधले ४.५ चे धक्के तर लंबकाला आपटूनच गेले. पावसाळ्यात पाच ते आठ सेकंदांची एक सततची थरथर दिसेल, ती समुद्राच्या लाटांची. शेकडो किलोमीटरवर आदळणारा समुद्र तुमच्या शिवारात.

आणि आइनस्टाइनच्याच लहरींवर मन असेल, तर दार बंद नाही, फक्त सोल्डरिंगचं नाही. लायगोच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. २०१५ च्या त्या लहरीची ३२ सेकंदांची फाइल उतरवा, पायथनमध्ये ३५ ते ३५० हर्ट्झची गाळणी लावा, दोन्ही वेधशाळांच्या रेघा एकमेकींवर ठेवा. ती ०.२ सेकंदांची चढत जाणारी लाट तुमच्या स्वतःच्या पडद्यावर उभी राहील. गोंगाटात पुरलेला सिग्नल अपेक्षित आकाराशी ताडून कसा काढायचा, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या सुमारास, म्हणजे पहिल्या शोधाच्या पंचवीसेक वर्षं आधी, पायाचं काम केलं. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून स्पंदकांच्या, म्हणजे ठरलेल्या तालात रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांचा हिशोब ठेवणारा भारतीय गट २०२३ मध्ये अतिशय मंद लहरींच्या पुराव्यात सहभागी होता. तिथे सेन्सर म्हणजे आकाशातली ताऱ्यांची घड्याळंच, याहून अपारंपरिक काय हवं? आणि लायगो-इंडिया, म्हणजे लायगोसारखीच भारतातली वेधशाळा, तर औंढा नागनाथजवळ होऊ घातलीय, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी मिळालेली. माझ्या गावापासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास. तुम्ही एम.एस्सी. होईपर्यंत तिथे अशी माणसं लागतील ज्यांना बैल आणि लहर यांतला फरक करता येतो.

तुमच्या तालुक्याचं नोव्हेंबरचं थ्री फेजचं वेळापत्रक मिळवा, त्याशेजारी तुमच्या पंधरा दिवसांच्या नोंदी लावा आणि मला दोन्ही पाठवा. झटका मशीन मात्र रात्री बंद ठेवू नका, हरभरा ऐन भरात आहे. दिवसा दहा मिनिटं बंद केलं तरी टिचकीचा निकाल लागेल, तेही बाबांना विचारून.